बर्फ कुणाला कळतो? आर्क्टिकमधलं संशोधन, तिथली माणसं आणि आपण

उत्तरवारा

परवा हवामानावरच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "आर्क्टिकमध्ये माणसं आहेतच कुठे, तिथे कसलं सामाजिक संशोधन करणार?" तिथेच उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी नॉर्वेत ट्रॉम्सोला राहते. समुद्रातल्या बर्फाच्या उपग्रहावरून येणाऱ्या नोंदी तपासणं हे माझं रोजचं काम. म्हणजे मी मोजमापवाल्यांच्या गोटातली. म्हणूनच हे लिहावंसं वाटतंय.

आर्क्टिकमध्ये सुमारे ४० लाख माणसं राहतात. त्यातली साधारण दहा टक्के मूळनिवासी आहेत. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंडमधले इनुइट, नॉर्वे-स्वीडन-फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पातले सामी, सायबेरियातले नेनेत्स, चुकची, एवेंकी आणि आणखी कितीतरी. बाकीचे खाणीत, बंदरात, शाळेत, दवाखान्यात काम करणारे तुमच्याआमच्यासारखे लोक.

तापमानवाढीचे आकडे बहुतेकांना माहीत असतील, थोडक्यात सांगते. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय (फिनलंडच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये हे मांडलं). सप्टेंबरात समुद्रातला बर्फ वर्षातला सगळ्यात कमी असतो. १९८०च्या दशकात तो तेव्हाही ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असायचा. २०१२ मध्ये ३४ लाखांवर आला, म्हणजे जेमतेम भारताच्या आकाराएवढा. बर्फावर पडलेलं ऊन बरंचसं परत फेकलं जातं, उघडं काळं पाणी ते पिऊन घेतं. त्यामुळे बर्फ जितका कमी, तितकं पुढच्या वर्षी बर्फ धरणं अवघड.

हे सगळं वरून दिसतं. वरून काय दिसत नाही, ते सांगायला १९७७ सालची एक गोष्ट.

अलास्काच्या पार उत्तर टोकाला बॅरो नावाचं गाव आहे. २०१६ पासून त्याचं अधिकृत नाव उत्कियाग्विक. तिथले इनुपियात लोक पिढ्यानपिढ्या बोहेड देवमाशाच्या शिकारीवर जगत आलेत. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने ही शिकार बंद केली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे देवमासे दोन हजारांच्याही आत उरले होते. हा अंदाज कसा काढत? वसंतात किनाऱ्याला धरून असलेला बर्फ आणि समुद्रावर वाहणारा बर्फ यांच्यामध्ये पाण्याची फट उघडते. देवमासे तिथून पुढे सरकतात. बर्फाच्या उंचवट्यावर बसायचं आणि श्वास घ्यायला वर येणारे मोजायचे. फट मिटली की मोजणी बंद. उघडं पाणी नाही म्हणजे देवमासे येणारच नाहीत, असा हिशेब.

शिकारी म्हणाले, हा हिशेबच खोटा आहे. फट मिटली तरी देवमासे जात राहतात. बर्फाखालून पोहतात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, आणि सगळे काही किनाऱ्याजवळून जात नाहीत, कितीतरी जण लांब समुद्रातून जातात. शिकाऱ्यांनी १९७७ मध्येच स्वतःची संघटना उभी केली. नॉर्थ स्लोप बरो या स्थानिक प्रशासनाने टॉम अल्बर्ट या पशुवैद्यकातल्या शास्त्रज्ञाला कामाला लावलं. हॅरी ब्रॉवर नावाच्या मुरलेल्या शिकारी कप्तानाने त्यांना देवमासे कसे वागतात ते समजावलं, आणि अल्बर्ट यांनी ऐकून घेतलं. मग बर्फाच्या कडेने पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारे मायक्रोफोन, सोडले. एकच आवाज दोन-तीन हायड्रोफोनवर किती फरकाने पोचतो यावरून देवमासा कुठे आहे ते काढता येतं. फट मिटलेली असतानाही बर्फाखालून आवाज येत होते. विमानातून पाहणी केली तर लांबच्या पाण्यातही देवमासे सापडले. १९९३ च्या मोजणीत आकडा आठ हजारांच्या आसपास गेला आणि २०११ च्या मोजणीत सोळा हजारांच्या वर.

मधल्या काळात काय झालं हेही सांगायला हवं. १९७८ साठी अलास्कातल्या सगळ्या शिकारी गावांना मिळून १२ देवमाशांची परवानगी मिळाली होती. ज्या गावांचं हिवाळ्याचं मांस, वाटपाचे रिवाज, सणवार सगळं देवमाशाभोवती फिरतं, त्यांना एका चुकीच्या मोजणीपायी हे सोसावं लागलं.

दुसरं उदाहरण माझ्या घरापासून फार लांब नाही. इकडे हल्ली ऐन जानेवारीत पाऊस पडतो. शहरात त्याचा त्रास एवढाच की रस्ते काचेसारखे होतात आणि लोक बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून चालतात. रेनडिअर पाळणाऱ्या सामींची मात्र त्यात वाट लागते. रेनडिअर हिवाळ्यात पुढच्या खुरांनी भुसभुशीत बर्फ उकरून खालचं लायकेन खातात (आपलं मसाल्यातलं दगडफूल याच जातकुळीतलं). बर्फावर पाऊस पडून पुन्हा गोठला की मध्ये कडक थर बसतो. खालच्या चाऱ्याचा वासही धड येत नाही आणि खूरही पोचत नाही. जनावर चाऱ्यावर उभं राहून उपाशी मरतं.

२००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात सामी संशोधक आणि पशुपालकांनी मिळून एआलात नावाचा प्रकल्प केला. त्यात पशुपालकांनी आवर्जून सांगितलेली गोष्ट म्हणजे कळपातले खच्ची केलेले नर. हे दांडगे असतात, माजावर येऊन अंगातली चरबी घालवत नाहीत, कडक थर फोडतात आणि त्यांनी उकरलेल्या जागी माद्या-पिल्लंही चरतात. पूर्वी कळपात असे नर भरपूर असायचे. पुढे सरकारी सल्ला आला की मांसाचं उत्पादन वाढवायचं तर माद्या जास्त ठेवा, वासरं लवकर कापा, मोठे नर नुसतेच चारा खातात. अनुदानंही त्याच हिशेबाने आखली गेली. आता कळपांत मोठे नर अगदी थोडे उरलेत आणि पावसाचे हिवाळे वाढलेत. हवामान बदललं हे खरंच, पण बदलाला तोंड द्यायची जी सोय होती ती कागदावरच्या धोरणाने आधीच मोडून ठेवली होती. हे कुठल्या उपग्रहावरून दिसणार? त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं, आणि तेच सामाजिक संशोधन.

म्हणून माझं म्हणणं असं की भारत आर्क्टिकमध्ये २००७ पासून संशोधन करतोय, चांगलं करतोय, पण बहुतेक सगळं हवा, पाणी, हिमनद्या, सूक्ष्मजीव यांवर. माणसांवरचं काम जवळपास नाहीच. ते व्हायला हवं, आणि आपण ते चांगलं करू शकतो. यावर इथल्या मंडळींना काय वाटतं ते वाचायला आवडेल.

कंदील

वाचनखूण साठवली. खच्ची केलेल्या नरांचा मुद्दा पहिल्यांदाच वाचला. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार.

सांख्यिकीवाला

उत्तम धागा. एक शंका, देवमाशांच्या आकड्याबद्दल. दोन हजारांच्या आतून सोळा हजार, हा सगळा फरक मोजणी सुधारल्याचा कसा असेल? १९७७ ते २०११ म्हणजे चौतीस वर्षं. वर्षाला तीन-साडेतीन टक्के वाढ धरली तर चौतीस वर्षांत संख्या तिप्पट होते. म्हणजे बराच वाटा खऱ्या वाढीचा असणार. सगळं श्रेय "शिकाऱ्यांना ठाऊक होतं" याला देता येणार नाही.

उत्तरवारा

@सांख्यिकीवाला, रास्त मुद्दा. वाढीचा दर तुम्ही धरलात तसाच आहे, तीन टक्क्यांच्या वर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात व्यापारी जहाजांनी बोहेड जवळपास संपवला होता आणि नंतर तो हळूहळू सावरत होता. पण तुमचंच गणित उलटं लावा. सोळा हजारांना तीनाने भागलं तर १९७७ मध्ये पाच हजारांच्या वर देवमासे होते असं निघतं. दोन हजारांच्या आतले नव्हेत. शिवाय शिकाऱ्यांनी नुसता "आकडा चुकलाय" असा दावा केला नव्हता. तो का चुकलाय याची दोन कारणं त्यांनी दिली होती, बर्फाखालून जाणं आणि किनाऱ्यापासून लांबून जाणं. दोन्ही तपासता येण्यासारखी होती आणि दोन्ही खरी ठरली. गृहीतक मांडणं आणि ते तपासणं, हे तर विज्ञानच झालं.

सांख्यिकीवाला

पटलं. कारणं तपासता येण्यासारखी होती हे महत्त्वाचं. नमुना निवडण्यातला दोष त्यांनी नेमका दाखवला होता.

वास्कोकर

गोव्यातून लिहितोय, म्हणून भारताच्या कामाबद्दल थोडी भर. हे सगळं काम वास्कोजवळ हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. आमच्या भागात अंटार्क्टिकाला जाऊन आलेलं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच. आर्क्टिकला जाणारे कमी. स्वालबार्ड द्वीपसमूहात न्यू-ओलेसुंड नावाची वस्ती आहे, ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. तिथे १ जुलै २००८ ला आपलं हिमाद्री केंद्र सुरू झालं. मूळची ही कोळसा खाणीची वस्ती. १९६२ मध्ये स्फोट होऊन २१ कामगार गेले आणि खाण कायमची बंद पडली. आता तिथे दहाएक देशांची केंद्रं आहेत आणि सगळ्यांचं जेवण एकाच खानावळीत.

माझी आतेबहीण एका उन्हाळी तुकडीत होती. तिच्याकडून ऐकलेलं सांगतो. तिथे वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण जवळच्या भल्यामोठ्या अँटेना क्वेसार या फार लांबच्या खगोलीय वस्तूंमधून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात आणि त्यावरून पृथ्वीचं अचूक मापन होतं. घरांना कुलपं लावत नाहीत. अस्वल आलं तर मिळेल त्या दारातून आत शिरता यायला हवं. वस्तीबाहेर पडायचं तर बंदूक आणि ती चालवता येणारं माणूस बरोबर लागतं.

समोरच्या कोंग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली अरुंद खाडी) २०१४ मध्ये आपण इंडआर्क नावाची वेधशाळा पाण्यात सोडली, साधारण १९० मीटर खोलीवर. तळाशी नांगर, वर तरंगणारे गोळे आणि मधल्या दोरावर वेगवेगळ्या खोलीला उपकरणं. पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह वर्षभर नोंदले जातात, बोट पोचू शकत नाही त्या अंधाऱ्या महिन्यांतही. हा फ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात गोठायचा. २००६ च्या सुमारापासून अटलांटिकचं उबदार पाणी आत यायला लागलं आणि बरेच हिवाळे तो बऱ्याच भागात उघडाच राहतो. डिसेंबर २०२३ पासून भारताने हिवाळी तुकडीही पाठवायला सुरुवात केली.

पण उत्तरवारा, एक सांगा. स्वालबार्डला मूळनिवासी कधी नव्हतेच. आपलं केंद्रच अशा जागी आहे, मग माणसांवरचं संशोधन कसं होणार?

उत्तरवारा

@वास्कोकर, आतेबहिणीचं वर्णन अगदी बरोबर. आणि तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. स्वालबार्ड सोयीचं आहे. १९२० च्या कराराने तिथे सही करणाऱ्या देशांना जवळपास समान मुभा आहे, भारतही ब्रिटिश अमलाखाली असताना त्यात आलेला आहे. कुणाच्या जमिनीवर आलोय हा प्रश्न तिथे समोर उभा राहत नाही, म्हणून तो आपल्याला कधी विचारावाच लागला नाही. पण माणसं तिथेही आहेत. लाँगइयरबीन या तिथल्या मुख्य गावात अडीच हजारांची वस्ती आहे, पन्नासेक देशांतून आलेली. डिसेंबर २०१५ मध्ये हिमस्खलन होऊन ११ घरं उद्ध्वस्त झाली, दोघं गेले. त्यानंतर डोंगरपायथ्याची घरं हलवावी लागली. लोक पाचसात वर्षं राहून निघून जातात, त्यामुळे कुठला उतार धोक्याचा हे सांगायला जुनं माणूस उरत नाही. याचा अभ्यास होतोय, आपणही त्यात उतरू शकतो.

लातूरकर

मी शेती करतो. रेनडिअरचं वाचून वाटलं, गोऱ्हा खच्ची करून बैल करायचा तो ताकदीसाठी आणि शांत राहावा म्हणून, तसंच की हे. आमच्याकडेही बैल म्हणजे खर्च असं सांगून सांगून दावणी मोकळ्या झाल्या. असो.

माझा प्रश्न पावसाबद्दल. आमच्याकडे सोयाबीन काढणीला आलं की सप्टेंबरात ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो. शेंगा झाडावरच कोंबारतात. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आर्क्टिकच्या बर्फाचा आणि या पावसाचा संबंध आहे असं पेपरात वाचलं होतं. हे खरं आहे की नुसती हवा?

उत्तरवारा

@लातूरकर दादा, हवा नाही, पण पक्कंही झालेलं नाही. गोव्याच्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ खूप कमी झाला की वरची हवा तापते, त्यातून वातावरणाच्या वरच्या थरात लाटांसारखी एक साखळी तयार होते, ती युरोपवरून खाली आशियाकडे येते आणि मोसमाच्या शेवटी मध्य भारतात अतिवृष्टीला पोषक स्थिती तयार करते, असं त्यांनी दाखवलंय. त्यात अरबी समुद्र तापलेला असला तर बाष्पाचा पुरवठा वाढतो. शीर्षकातच त्यांनी "संभाव्य" म्हटलंय, आणि ते योग्य आहे. अमुक वर्षीचा अमुक पूर कारा समुद्रामुळे आला असं त्यावरून म्हणता येत नाही.

आता त्याच कारा समुद्राच्या काठावर काय झालं बघा. तिथे यामाल द्वीपकल्प आहे, नेनेत्स लोक हजारो रेनडिअर घेऊन त्याच्या उत्तर-दक्षिण फिरत असतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये पाऊस पडला, मग कडाक्याची थंडी आली आणि जमिनीवर बर्फाचं कवच बसलं. ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. ब्रूस फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी नेनेत्स पशुपालकांचं सांगणं आणि उपग्रहाच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. त्या वेळी बॅरेंट्स आणि कारा समुद्रातला बर्फ कमी होता, उघड्या पाण्यातून बाष्प जमिनीकडे आलं. कळप गेलेली काही कुटुंबं मासेमारीवर तगली. ज्यांच्याकडे जनावरं उरली होती त्यांनी नातेवाइकांना उसनी दिली.

लातूरकर

उसनी जनावरं देणं, हे समजलं. धन्यवाद ताई. आमच्या गावात दोन घरी पावसाच्या जुन्या वह्या आहेत, रोजच्या नोंदी. कुणाला उपयोग असेल तर सांगा.

सांख्यिकीवाला

@लातूरकर, नक्की उपयोग आहे. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक लांब असतं आणि अतिवृष्टी चार-पाच गावांपुरतीही पडते. निरोप पाठवतो.

तपासणी_खोली 

मी डॉक्टर आहे. यामालचं नाव निघालंच आहे तर २०१६ ची घटना सांगते. तिथे अँथ्रॅक्सची साथ आली. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. बातम्या सगळ्या एकाच सुरात होत्या, कायम गोठलेली जमीन वितळली आणि जुने जंतू बाहेर आले. त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर होता, ते खरं. पण तिथे रेनडिअरना अँथ्रॅक्सची लस दिली जायची, ती २००७ मध्ये बंद केली होती. लस चालू असती तर जंतू बाहेर येऊनही इतकी हानी झाली नसती. "हवामानबदलामुळे" असं म्हटलं की कुणाची जबाबदारी उरत नाही. लस बंद करणारं माणूस होतं. दोन्ही सांगायला हवं.

दुसरं उदाहरण माझ्या विषयातलं आहे आणि मला ते फार अस्वस्थ करतं. १९८०च्या दशकात क्वेबेकमध्ये एरिक देवाई नावाचे डॉक्टर आईच्या दुधातल्या पीसीबी या विषारी रसायनांचा अभ्यास करत होते. तुलनेसाठी शुद्ध नमुना हवा म्हणून कारखान्यांपासून शेकडो मैल दूर, क्वेबेकच्याच उत्तर भागातल्या नुनाविकच्या इनुइट आयांचं दूध घेतलं. त्यात पीसीबी दक्षिणेतल्या आयांच्या साधारण पाचपट निघालं. ही रसायनं उष्ण हवेत उडतात आणि थंड प्रदेशात खाली बसतात. तिथून प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), मासा, सील, देवमासा अशा साखळीत चरबीमध्ये साठत जातात. साखळीच्या टोकाला माणूस, आणि त्याच्याही पुढे अंगावर पिणारं बाळ.

आता त्या आयांना काय सांगायचं? दूध पाजू नका? सीलचं मांस खाऊ नका? दुकानात मिळतं ते डबाबंद, महाग, साखर-मैद्याचं. तिथल्या आरोग्य यंत्रणेने विचार करून ठरवलं की स्तनपान आणि पारंपरिक आहार यांचे फायदे जास्त आहेत, ते थांबवायचं नाही. थांबवायचं ते रसायन. इनुइटांनी हा प्रश्न जगापुढे नेला. इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए त्यात आघाडीवर होत्या. अशा विषारी रसायनांवर बंधनं घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेतच आर्क्टिकमधल्या मूळनिवासींना असलेल्या धोक्याचा उल्लेख आहे. भारतही त्या करारात आहे.

आडवा_विचार

सगळं वाचलं, माहितीपूर्ण आहे. पण थोडा विरोधी सूर लावतो. पारंपरिक ज्ञान स्थिर हवामानात तयार झालेलं असतं. हवामानच बदललं तर ते ज्ञान निकामी होणार. आजोबांनी सांगितलेल्या वाटेवर बर्फ पातळ झाला असेल तर आजोबांवर विश्वास ठेवून माणूस बुडेल. अशा वेळी उपकरणंच लागतात. परंपरेचं कौतुक करता करता आपण तिला विज्ञानाच्या बरोबरीला नेऊन ठेवतोय का?

उत्तरवारा

@आडवा_विचार, हा प्रश्न यायलाच हवा होता. तुम्ही म्हणता तसं घडलेलंही आहे. कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर नेन नावाचं इनुइट गाव आहे. २००९-१० चा हिवाळा तिथे इतका उबदार गेला की बर्फ नेहमीच्या वेळी धरलाच नाही. वर्षानुवर्षं बर्फावरून ये-जा करणारी अनुभवी माणसं बर्फ फुटून पाण्यात पडली. बर्फ हाच तिथला हिवाळी रस्ता. सरपण, शिकार, शेजारचं गाव, सगळं त्यावरून.

पण पुढे काय झालं ते बघा. मेमोरियल विद्यापीठाचे ट्रेव्हर बेल आणि गावातली मंडळी एकत्र बसली आणि त्यातून स्मार्टआइस नावाचा उपक्रम उभा राहिला. कामुतिक म्हणजे इनुइटांची लाकडी घसरगाडी. तिच्यावर विद्युतचुंबकीय संवेदक बसवला आणि ती स्नोमोबाइलच्या मागे बांधली. गाडी चालते तशी खालच्या बर्फाची जाडी समोरच्या पडद्यावर उमटत जाते. गाडी कुठून न्यायची हे कोण ठरवतं? गावातली जाणती माणसं. प्रवाह कुठे जोरात असतो, कुठल्या खडकापाशी बर्फ नेहमी कच्चा राहतो, हे त्यांना माहीत असतं. चालवतात गावातले प्रशिक्षित तरुण आणि नकाशेही गावासाठीच निघतात. उपग्रहाच्या ज्या नोंदी मी रोज बघते, त्यातला एकेक ठिपका कित्येक किलोमीटरचा असतो. "बर्फ आहे" एवढंच तो सांगतो. त्यावर पाय ठेवायचा की नाही, हे नाही सांगत.

आणि ज्ञान म्हणजे आजोबांची ठरलेली वाट नव्हे. शिकारी आजही टोकदार दांडक्याने बर्फ ठोकत ठोकतच पुढे जातो. मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबत नाही. ती तपासायची सवयच त्याला घरातून मिळालेली असते.

आडवा_विचार

उपकरण आणि जाणकार दोन्ही एकाच गाडीवर, हे मान्य. माझा आक्षेप नुसत्या गौरवीकरणाला होता.

जुनी_पानं

इतिहासाच्या बाजूने एक भर. "आम्हाला विचारा" हा आग्रह तिथले लोक इतक्या तीव्रतेने का धरतात, ते समजायला १८९७ साल बघावं लागेल. ध्रुवाच्या मोहिमांसाठी गाजलेल्या रॉबर्ट पिअरीने ग्रीनलंडमधून सहा इनुइट माणसं न्यूयॉर्कला आणली आणि नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात अभ्यासासाठी ठेवली. काही महिन्यांत चौघं मेली. एक परत गेला. उरला मिनिक, सातएक वर्षांचा मुलगा. वडिलांचं, किसुक यांचं दफन त्याच्यासमोर झालं. ते दफन खोटं होतं. मृतदेह संग्रहालयाने ठेवून घेतला होता आणि हे मिनिकला नंतर कळलं. वडिलांची हाडं मिळावीत म्हणून तो झगडत राहिला, मिळाली नाहीत. १९१८ मध्ये तो अमेरिकेतच वारला. त्या चौघांची हाडं १९९३ मध्ये ग्रीनलंडला, कानाकला परत गेली.

संशोधन या शब्दाला तिकडे असा वास आहे. आज कॅनडातल्या नुनावुत या इनुइट प्रदेशात संशोधन करायचं तर कायद्याने परवाना घ्यावा लागतो. कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये संशोधनाबद्दलचं स्वतःचं धोरण जाहीर केलं. विषय कोण ठरवणार, पैसा कुणाच्या हातात, माहिती कुणाच्या मालकीची, हे सगळं त्यात आहे.

कंदील

मिनिकचं वाचून सुन्न झालो.

अवांतर: लोकमान्य टिळकांनी आर्यांचं मूळ ठिकाण आर्क्टिकमध्ये होतं असा सिद्धांत मांडला होता, त्याबद्दल कुणी लिहील का?

जुनी_पानं

@कंदील, तो ग्रंथ १९०३ चा. वेदांतल्या लांबलेल्या उषेच्या वर्णनांवर त्यांचा भर होता. आजच्या पुराव्यांत तो सिद्धांत टिकत नाही. त्यावर बोलायला वेगळा धागा काढा, इथला विषय राहून जाईल.

पश्मिना

मी समाजशास्त्रात एमए करतेय, प्रबंधासाठी लडाखमध्ये चांगपा पशुपालकांबरोबर राहिले होते. त्यांच्यातल्या खारनाक गटाची बहुतेक कुटुंबं चांगथांगच्या उंच पठारावरून लेहजवळच्या वस्तीत उतरली आहेत. का उतरलात विचारलं तर कुणी बर्फ म्हणतं, कुणी मुलांची शाळा, कुणी गुडघेदुखी आणि लांबचा दवाखाना. एका आजींनी तिन्ही कारणं एका दमात सांगितली. वर यामालबद्दल वाचताना सारखं तेच आठवत होतं. भारताच्या २०२२ च्या आर्क्टिक धोरणात हिमालय आणि आर्क्टिक यांचा एकत्र उल्लेख आहे, पण तोही बर्फ आणि हिमनद्यांपुरताच वाटला. माझ्यासारखीला आर्क्टिकमध्ये काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

उत्तरवारा

@पश्मिना, तुझ्यासारख्या मुलींसाठीच तर हा धागा. धोरणात मनुष्यविकासाचा स्तंभ आहे, आर्थिक विकासाबरोबर जोडलेला. दार आहे, आत जाणारे कमी आहेत. आणि लडाखचा अनुभव हे तुझं मोठं भांडवल आहे. इकडच्या संशोधकांना बर्फावरच्या पशुपालनाबद्दल चुकची, नेनेत्स, सामी ठाऊक असतात, चांगपा क्वचित.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एक, रशिया सध्या जवळजवळ बंद आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे आर्क्टिक परिषद या आठ देशांच्या मंचातल्या बाकी सात देशांनी रशियाबरोबरचं काम थांबवलं. नंतर काही कामं पुन्हा सुरू झाली, पण सायबेरियातल्या गावांत जाऊन राहणं आता सोपं नाही. आर्क्टिकच्या किनाऱ्याचा निम्मा भाग रशियाचा आहे, त्यामुळे नोंदींमध्ये केवढी पोकळी पडलीये ते मी कामावर रोज बघते. सामी भागात मात्र जाता येतं. नॉर्वेतल्या काउतोकेइनोमध्ये सामी विद्यापीठ आहे आणि रेनडिअर पशुपालनाचं आंतरराष्ट्रीय केंद्रही.

दोन, भाषा. नॉर्वेजियनची तोंडओळख आत्तापासून कर, सामीतले चार शब्द तिथे गेल्यावर लोकच शिकवतील.

तीन, विषय आधी पक्का करून जाऊ नकोस. एखादा प्रश्न मनात घेऊन जा, पण पशुपालकांच्या संघटनेला तो आधी दाखव. कदाचित ते म्हणतील हवामान राहू दे, पवनचक्क्यांवर काम कर. नॉर्वेतल्या फोसेनला पवनचक्क्यांनी सामींची हिवाळी कुरणं गेली. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये परवाने अवैध ठरवले, तरी चक्क्या फिरतच राहिल्या. हरित ऊर्जेसाठी जमीन आणि पशुपालकांची कुरणं, हा वाद तुला लडाखमध्येही दिसला असेल.

पश्मिना

हो, लडाखमधल्या पांगच्या सौर प्रकल्पावरून तिकडे हीच धास्ती आहे. चांगपा म्हणतात, हिवाळ्यातलं गवत नेमकं तिथेच असतं.

उत्तरवारा

मग तुझा प्रश्न तर तयारच आहे. दोन पानांचं टिपण कर, आधी मराठीतच लिही आणि मला निरोपात पाठव. काउतोकेइनोला ते कुणाला दाखवायचं ते बघते. आणि खारनाकमधल्या ज्या लोकांशी बोललीस, त्यांची परवानगी नसेल तर त्यांची नावं, वाड्यांची नावं त्यात घालू नकोस.

पश्मिना

आजींची परवानगी आहे, बाकीच्यांना या उन्हाळ्यात विचारते. टिपण दिवाळीच्या आत पाठवते.